कळक

माझ्या रजिस्टरात ती एक आकडा आहे:
दोन हजार सोळा, टिंब, शून्य चार.
तांबे, मठारलेले. उंची साडेतीन मीटर.
नाव 'प्रस्थान'.
पोरं तिला संबूसा म्हणतात.
'संबूशाखाली भेट', सोहारच्या या विद्यापीठात
एवढा पत्ता पुरतो.

ती आली तेव्हा समिती नऊ जणांची होती.
जहाज कंपनीची देणगी, नाही म्हणणं अवघड.
दोघांना उंट हवा होता.
एकाला काहीच नको होतं, पार्किंग हवं होतं.
करारात लिहिलं:
वीस वर्षं हलवायची नाही,
वितळवायची नाही,
आणि देणगीदाराचं नाव
शिल्पकाराच्या नावाहून मोठ्या टायपात नको.
या शेवटच्या ओळीवर तीन बैठका झाल्या.

आणायला पैसे होते. सांभाळायला
कुठल्याच रकान्यात काही नव्हतं.
बारशाला बँड, आणि दूध ज्याचं त्यानं बघावं.

मग समुद्र कामाला लागला.
इथली रात्रीची हवा ओली, खारट,
सकाळी गाडीची काच जिभेनं चाखावी अशी.
दुसऱ्या वर्षी कडांवर हिरवं आलं.
इस्टेटचे इंजिनिअर म्हणाले, गंज, रंग मारू.
तासावर पैसे घेणाऱ्या सल्लागार म्हणाल्या,
पॅटिना, मौल्यवान, हात लावू नका.
डॉ. शम्सा अल-मक्बाली माझ्याकडे वळल्या,
तुमच्याकडे याला काय म्हणतात?

मी नाशिकच्या तांबट आळीतली.
म्हटलं, कळक.
कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक राहिलं
की कळकतं, ओतून द्यावं लागतं.
म्हणजे वाईट?
ताकाला. पातेल्याला काही होत नाही.
त्यांनी ते वहीत लिहून घेतलं, उजवीकडून डावीकडे.
रंग मारायचं तेवढं टळलं.

'हात लावू नये' अशी दोन भाषांत पाटी आहे.
ऑगस्टमध्ये पाटीची गरज पडत नाही.

या मार्चमध्ये वार्षिक तपासणी.
मागच्या झडपेतून मी आत शिरले, टॉर्च घेऊन,
माझ्यामागे मोफिजुल, ब्रश आणि बादली घेऊन.
साळुंकीचं जुनं घरटं, त्यात बसच्या तिकिटाचा तुकडा.
बाहेर जे गुळगुळीत, ते आत सगळं ठोके:
एकाशेजारी एक, दाट, जरा डावीकडे कललेले.
डावखुरा असणार.
पाटीवरचे शिल्पकार रोमला राहतात,
एकदाच आले होते, फीत कापायला.
पत्रा ठोकला गेला इथंच, औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये.
त्या शेडचं बिल माझ्या फायलीत आहे,
माणसांची नावं त्यात नाहीत.

खांद्याच्या उंचीवर खिळ्यानं काही कोरलेलं.
मला वाटलं, नाव.
मोफिजुल वाकला, म्हणाला, आमचे आकडे.
एकशे बावन्न.
त्यातून सदुसष्ट.
खाली रेघ. पंच्याण्णव.

तो हसला. मग हसायचा थांबला.
चुकलंय, म्हणाला, पंच्याऐंशी पाहिजे.
दशकाकडून उसना घेतला
आणि परत द्यायला विसरला.

दहा रियाल.
त्या महिन्यात ते त्याच्याकडे जास्तीचे होते,
किंवा आहेत असं त्याला वाटत होतं,
संध्याकाळपर्यंत, किंवा कुणीतरी दाखवेपर्यंत,
किंवा पुढच्या पगारापर्यंत. मला माहीत नाही.

फॉर्ममध्ये कलाकारासाठी एकच ओळ असते,
ती भरलेली आहे.
'आतील खुणा' या रकान्यात मी लिहिलं:
वजाबाकी, एक. मूळच्या कामातली.
पुसू नये.
दुरुस्त करू नये.
स्थिती: स्थिर.

बाहेर ऊन होतं. झडपेचे स्क्रू आवळताना
मोफिजुल अजून बोटांवर मोजत होता.